काच निवताना

२२ जानेवारी १८९८, शनिवार. भर दुपारी विजयदुर्गावर अंधार पडला. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा अरबी समुद्रावरून रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढला आणि घाट ओलांडून वऱ्हाडाच्या दिशेने निघून गेला. किल्ल्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांनी आपला तळ टाकला होता. हाताखाली ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमिनी' या जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी होते. कोणी सेकंद मोठ्याने मोजायचे, कोणी काचपट्ट्या बदलायच्या, कोणी प्रभामंडळाचे चित्र काढायचे, अशी कामे वाटून दिली होती आणि तालमीही झाल्या होत्या. दीड वर्षापूर्वी नॉर्वेच्या उत्तर टोकाला अशीच सारी जय्यत तयारी ढगांनी वाया घालवली होती. कोकणातल्या जानेवारीने दगा दिला नाही. जेमतेम दोन मिनिटांचा तो अंधार लॉकियरच्या पट्ट्यांवर उतरला.

विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. किल्ल्यात ज्या जोत्यांवर यंत्रे मांडली होती, त्यांना आजही 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. त्या कट्ट्यांवर हेलियमचा शोध लागला, असे पाट्यांवर आणि भाषणांत छातीठोकपणे सांगितले जाते. दुर्गप्रेमींना रुचणार नाही, पण ते खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८च्या ज्या ग्रहणाशी हेलियमची कथा जोडलेली आहे, त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. गुंटूरला होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियरने ग्रहणाची वाटच पाहिली नाही. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, भर उन्हात, इंग्लंडमध्ये बसूनच त्याने वर्णपटदर्शकातून सूर्याच्या ज्वाला पकडल्या. विजयदुर्गला तो आला त्यानंतर तीस वर्षांनी, आणि त्याआधी १८९५ मध्ये रॅम्झीने हेलियम प्रयोगशाळेत हाती धरून दाखवलाही होता. विजयदुर्गचे मोल कमी होत नाही. रॉयल सोसायटीने छापलेल्या त्या मोहिमेच्या वृत्तांतावर लॉकियरबरोबर कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर यांचीही नावे आहेत, आणि शीर्षकात विजयदुर्ग आहे.

मला त्या मोहिमेत सूर्यापेक्षा काचेचे अधिक कुतूहल वाटते. लॉकियरचे मुख्य हत्यार होते प्रिझमॅटिक कॅमेरा. कॅमेऱ्याच्या वस्तुभिंगापुढे तेवढाच मोठा काचेचा लोलक बसवलेला. ग्रहणात सूर्याची कडा केसाएवढी उरली की तीच कडा फटीचे काम करते, आणि वर्णपटातल्या प्रत्येक रेषेच्या जागी पट्टीवर एकेक चंद्रकोर उमटते. असा कॅमेरा सहा इंच व्यासाचा असला तर भिंगापुढचा लोलकही तेवढे तोंड झाकणारा हवा, म्हणजे काचेचा चांगला जाडजूड ठोकळाच. त्याच दिवशी सोलापूरजवळ जेऊरला लिक वेधशाळेच्या कॅम्पबेलने चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता; पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही जेऊरलाच होते; वऱ्हाडात तळणीला एव्हरशेड आणि माँडर दांपत्य. महाराष्ट्राच्या भूमीवर त्या दुपारी जगातली उत्तमोत्तम भिंगे सूर्याकडे डोळे लावून होती, आणि त्यांतला एकही तुकडा या देशात घडलेला नव्हता.

तसा तो घडणे शक्यही नव्हते. काच वितळवणे ही विद्या जुनी. भिंग घासणे ही विद्याही अवघड, पण चिकाटीने शिकता येण्यासारखी. अडचण या दोहोंच्या मधे आहे: वितळलेला ठोकळा निवताना.

डब्यात ओतलेले तूप थिजताना मधोमध खळगा पडतो, कारण कडेचे आधी घट्ट होते आणि मधले मागाहून आकसते. काचेत खळगा दिसत नाही, म्हणून ती अधिक फसवी. बाहेरचा थर आधी निवून ताठ होतो. आतला गाभा अजून गरम असतो, त्याला आकसायचे असते, पण बाहेरची ताठ झालेली कातडी त्याला आत येऊ देत नाही. ओढाताण तशीच गोठते. असा ठोकळा घासायला घेतला की कधी तो फुटतो. न फुटला तरी त्याच्या पोटात एका जागी काच थोडी दाट, दुसरीकडे थोडी विरळ राहते, आणि दाटपणा बदलला की प्रकाश वाकण्याचे प्रमाण बदलते. हा फरक अपवर्तनांकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थानी असतो. चष्म्याला तो चालून जाईल. दुर्बिणीला चालत नाही. ताणलेली काच दोन ध्रुवण पट्ट्यांमध्ये धरली की तिच्यात मोरपिशी रंग दिसतात. दिसायला सुरेख, पण भिंग करणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारे.

यावर एकच उपाय माहीत होता, तो म्हणजे धीर. भट्टी बंद करायची आणि दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे तिला निवू द्यायचे. बव्हेरियात गिनाँ आणि फ्राउनहोफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काच ढवळण्याची आणि निववण्याची रीत बसवली, ती गुपित म्हणून जपली गेली. १८८४ मध्ये येना गावी ऑटो शॉट, एर्न्स्ट आबे आणि त्साइस यांनी काचेची प्रयोगशाळा काढली. शॉटने तापमानावर काटेकोर ताबा ठेवून निववण्याची पद्धत घडवली आणि भिंगाच्या काचेचा जगाचा बाजार बघता बघता जर्मनीकडे गेला. तिथेही किती हळू निववायचे हे अनुभवाने ठरे. भट्टीवरचा मुरलेला माणूस सांगेल तो वेग.

विजयदुर्गला ग्रहण लागले तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत तुरुंगात होते. 'ओरायन' लिहून आकाशाच्या आधारे वेदांचा काळ काढणारा माणूस, आणि शतकातून एखादे यावे असे ग्रहण त्याच्या जन्मजिल्ह्यावरून जाते आहे! पण इथे टिळकांचा संबंध काचेपुरता. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी ज्या स्वदेशी उद्योगांच्या मागे आपले वजन उभे केले, त्यांत अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड होता. माणशी एक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय हे तिथले तज्ज्ञ. त्याच वर्षी टिळक मंडालेच्या वाटेला लागले. तळेगावात शिकलेले कारागीर पुढे देशभर पांगले. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानात कऱ्हाडजवळ कारखाना काढला, तो ओगलेवाडी. त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे घराघरांत गेला.

म्हणजे कंदिलाची चिमणी जमली. भिंग का जमले नाही? भांडवल नव्हते, सरकार परके होते, ही उत्तरे खरीच आहेत. पण त्यांच्याखाली एक गणिती उत्तरही आहे, आणि ते तोवर कोणी नीट मांडले नव्हते. ते मांडायला एक महायुद्ध लागले.

१९१४ मध्ये युद्ध पेटले आणि येनाची काच शत्रूची झाली. दुर्बिणी, तोफांची निशाणदर्शके, पाणबुडीचे पेरिस्कोप, सगळ्यांना भिंगे हवीत आणि ब्रिटनपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांची कोठारे रिकामी. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ रॉचेस्टरच्या बॉश अँड लोम कारखान्यात धाडले गेले. निवड वरवर विचित्र होती. ही माणसे खडकांची. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीच्या तप्त रसातून थिजला, तसे सिलिकेटांचे रस वितळवून ते कसे थिजतात हे पाहण्यात त्यांची वर्षे गेली होती. पण काच हाही सिलिकेटांचाच रस, फक्त स्फटिक न होता थिजलेला. भिंगवाल्यांपेक्षा काचेचा स्वभाव यांना अधिक ठाऊक होता. फ्रेड राइट यांनी कारखान्याची सूत्रे घेतली, आणि लिसन ॲडम्स व अर्स्किन विल्यमसन या दोघांनी निववण्याचा प्रश्न हाती घेतला.

त्यांनी गरम काचेतला ताण कसा ओसरतो ते मोजत नेले. मॅक्सवेलच्या जुन्या कल्पनेप्रमाणे ताण जेवढा जास्त तेवढ्या प्रमाणात तो ओसरायला हवा होता. मोजमापे तसे म्हणेनात. ताण ओसरण्याचा वेग ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात येत होता: ताण निम्मा झाला की वेग चौथाईवर. त्यामुळे पहिला ताण भराभर जातो आणि शेवटचा चिवटपणे मागे राहतो. दुसरे असे की तापमान थोडेसे चढवले तरी हा वेग दुपटीने, चौपटीने वाढतो. या दोन गोष्टी हाती आल्यावर त्यांनी उलटा प्रश्न सोडवला: ताण अमुक मर्यादेत ठेवून कमीत कमी वेळात काच निववायची तर तापमान कसे उतरवावे? उत्तर असे की आधी योग्य तापमानाला काच काही काळ धरून ठेवावी, मग अगदी सावकाश उतरायला लागावे, आणि जसजशी काच ताठ होईल तसतसा वेग वाढवत न्यावा. सारखा संथ वेग ठेवणारे जुने भट्टीवाले शेवटचे दिवस निष्कारण घालवत होते. १९२० मध्ये हा प्रबंध फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात आला. या जोडीने लगेच आपला मोहरा पृथ्वीकडे वळवला. पृथ्वीच्या पोटात खोलीप्रमाणे घनता कशी वाढते हे सांगणारे १९२३चे ॲडम्स-विल्यमसन समीकरण आजही भूभौतिकीच्या विद्यार्थ्याला शिकावे लागते. विल्यमसन मात्र त्याच वर्षी वारला.

तळेगावच्या चिमणीचे उत्तर याच गणितात आहे. ठोकळा ठराविक वेगाने निवत असताना त्यात साठणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताण तेवढाच राहण्यासाठी वेग चौथाई करावा लागतो. आता दीड मिलिमीटर जाडीची चिमणी घ्या आणि शेजारी पंधरा सेंटिमीटर जाडीचा काचेचा ठोकळा ठेवा. जाडी शंभरपट, म्हणून ठोकळ्याला निववायचा वेग चिमणीच्या वेगाच्या दहा हजारांशाएवढाच. जे काम चिमणीला काही मिनिटांत उरकते त्याला ठोकळ्याला आठवडे लागतात. शिवाय भिंगाच्या काचेत चालणारा ताण चिमणीपेक्षा कितीतरी कमी. तेवढे आठवडे भट्टीचे तापमान दोन-चार अंशांच्या आत धरून ठेवायचे, तर हवीत विजेची भट्टी, भरवशाचे तापमापक आणि अखंड वीज. १९१६च्या ओगलेवाडीत यांतले काय होते? वाळूचे तर दुःख नव्हतेच. मुंबई-गोवा महामार्गावरून विजयदुर्गला वळायचे ते तळेऱ्याहून, आणि तळेऱ्याला लागूनच कासार्डे, जिथली सिलिका वाळू आज ट्रकांनी भरभरून बाहेर जाते. लॉकियर ज्या किल्ल्यात बोटीतून काच घेऊन उतरला, त्याच्या पाठीमागच्या मुलखात काचेचा कच्चा माल पडून होता.

हे गणित किती टोकाला जाऊ शकते याचा दाखला न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावाने दिला. पालोमारच्या दुर्बिणीसाठी २०० इंच व्यासाची चकती डिसेंबर १९३४ मध्ये ओतली गेली. ती निववायला दहा महिने लागले, दिवसाला एक अंशदेखील उतरू न देता. मधेच १९३५च्या जुलैत नदीला पूर आला आणि भट्टीची वीज बंद ठेवावी लागली; चकती त्यातूनही तरली.

भारतात भिंगाची काच आली ती कलकत्त्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत, डॉ. आत्माराम यांच्या हाताखाली, १९६०च्या सुमारास. परदेशी कंपन्या कृती द्यायला तयार नव्हत्या, म्हणून मूस बनवण्यापासून निववण्यापर्यंत सगळे इथेच बसवावे लागले. विजयदुर्गच्या ग्रहणाला तोवर साठ वर्षे उलटली होती.

ॲडम्स-विल्यमसनचे सूत्र कामाचे होते, पण त्यात एक न उलगडलेली गाठ होती. ताणाच्या वर्गाचा नियम आला कुठून? १९३६ मध्ये कॉर्निंगच्या लिलीने दाखवले की मॅक्सवेल चुकला नव्हता. तापमान स्थिर असले तरी काचेचा चिकटपणाच तासागणिक बदलत जातो, म्हणून हिशेब वाकडा येतो. हे का घडते ते अमेरिकेच्या मानक संस्थेतला आर्थर टूल अनेक वर्षे उकलत होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. काचेला दोन तापमाने असतात. एक तापमापकावर दिसणारे. दुसरे कल्पित: काचेच्या अणुरचनेची घडी ज्या तापमानाला जुळते ते. काच भराभर निववली तर रचना मागे पडते, वरच्या तापमानाची ऐसपैस घडी घेऊनच ती गोठते आणि काच विरळ राहते. सावकाश निववली तर रचनेला आवळून बसायला सवड मिळते. म्हणून एकाच भट्टीतल्या, एकाच घाणीतल्या दोन ठोकळ्यांची घनता त्यांच्या निवण्याच्या इतिहासावर ठरते. काच किती आकसेल हे विचारायचे तर ती आज कुठे आहे एवढे पुरत नाही, ती कोणत्या वाटेने आली तेही सांगावे लागते.

टूलची मांडणी मोलाची होती, पण तिचा आकडा प्रयोगाशी पुरता जुळत नव्हता. तो जुळवला ओ. एस. नारायणस्वामी यांनी, आणि कुठे, तर फोर्ड मोटर कंपनीत. फोर्ड गाडीच्या काचा स्वतः बनवत असे. त्या निववताना राहणारा ताण हा तिचा रोजचा प्रश्न होता. रॉबर्ट गार्डनबरोबर त्या सपाट काचांवर काम करताना नारायणस्वामींना दिसले की रचनेची सैल पडण्याची गती एक नसते. काही भाग झटपट सावरतात, काही रेंगाळतात. १९७१च्या आपल्या प्रबंधात त्यांनी घड्याळाचा काळ बाजूला ठेवून एक नवा काळ धरला, जो गरम काचेत वेगाने धावतो आणि थंड काचेत रांगतो. या काळाने मोजले की सगळा गुंतागुंतीचा प्रकार साध्या बेरजेवर येतो, आणि मोजक्या प्रयोगांवरून निववण्याच्या कोणत्याही वेळापत्रकाचे भाकीत करता येते. पुढे मॉयनिहानने त्यात भर घातली. आज टूल-नारायणस्वामी-मॉयनिहान प्रतिमान या लांबलचक नावाने ते चालते. गाडीच्या काचेसाठी घडलेले सूत्र भिंगवाल्यांच्या कामी आले, कारण तोवर भिंग करण्याची रीतच पालटू लागली होती.

ती पालटण्यात प्लास्टिकचा हात मोठा. १९४० मध्ये अमेरिकेत कोलंबिया सदर्न केमिकल कंपनीने सीआर-३९ हे राळेसारखे द्रव्य काढले. युद्धात त्याचा वापर बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी झाला. युद्ध संपल्यावर उरलेला माल स्वस्तात मिळत होता. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट ग्रॅहम यांनी त्याचे चष्म्याचे भिंग ओतले. काच निवताना आकसते, पण हे द्रव्य घट्ट होतानाच आकसते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, आकारमानाच्या सुमारे १४ टक्के. दोन काचेच्या साच्यांमध्ये गास्केट घालून पातळ रस ओततात आणि तो भट्टीत ठेवतात. रस आकसत गेला की साच्यांनाही त्याच्याबरोबर आत सरकावे लागते. न सरकले तर भिंग साच्यापासून सुटते आणि बाद होते. उष्णता घाईने दिली तर रस एकदम तापतो, आकसणे बेताल होते, भिंगात तडे आणि लाटा उठतात. १९५५ मध्ये डायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रसाच्या घट्ट होण्याचा वेग मोजून तापमानाची अशी चढती रेघ काढून दिली की दर तासाला सारखाच रस घट्ट व्हावा. काच निववताना उतरती रेघ लागली होती. इथे चढती लागली, पण जात एकच: आकसण्याला शिस्त लावायची. गोव्यात थिवी येथे जीकेबी ऑप्थॅल्मिक्सने प्लास्टिकची चष्माभिंगे बनवायला घेतली तेव्हा हेच तंत्र कोकणच्या किनाऱ्यावर आले. आपल्या नाकावरचा प्लास्टिकचा चष्मा बहुधा अशाच रेघेवरून चालत आलेला असतो.

पॉलिकार्बोनेटची भिंगे दाबाखाली साच्यात सोडतात. तिथे आकसणे टक्क्याच्याही आत असते, पण ते सगळीकडे सारखे नसते. जाड मध्य आणि पातळ कडा वेगवेगळ्या वेळी गोठतात, आणि साच्यातून निघणारी वक्रता ठरवल्यापेक्षा थोडी सैल निघते. कोकणातल्या पावसाळी हवेत आणखी एक जाच: दाणे ओलावा धरतात, म्हणून यंत्रात घालण्याआधी ते वाळवूनच घ्यावे लागतात.

काचेची भिंगेही आता घासण्याऐवजी साच्यात दाबली जातात. १९८२च्या कोडॅक डिस्क कॅमेऱ्यात असे एक दाबलेले, गोलाकारापासून हटलेले काचेचे भिंग होते. घासलेल्या भिंगाला शेवटी हाताने सुधारता येते. दाबलेल्याला येत नाही. साच्यातून निघाले ते भिंग, आणि निवताना मायक्रोमीटरभर जरी वाकडे आकसले तरी ते मोडीत. इथे नारायणस्वामींचे सूत्र पुन्हा उगवले. २००५च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात ॲलन यी आणि अनुराग जैन यांनी भिंगाचे संगणकात बारीक तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचा निवण्याचा इतिहास त्या प्रतिमानातून चालवला आणि तयार भिंग नेमके कुठे किती चुकेल ते आधीच काढून पाहिले. चूक ठाऊक झाली की साचा तेवढाच उलट दिशेने चुकीचा कापायचा. पूर्वी साचा कापा, भिंग दाबा, मोजा, पुन्हा साचा घासा, हे चक्र चालू राही. आता पहिल्या साच्यातूनच बरीचशी चूक वजा होऊन येते, आणि उरलेल्यासाठी साचा पुन्हा घासणाऱ्याकडे जातो.